बाबांच्या खणातला चेक आणि बिझनेस लॉचा पेपर

पत्र

मॅडम, मी ऐरोलीला राहते, ठाण्यात एसवायबीकॉमला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिसऱ्या सेमिस्टरला बिझनेस लॉमध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला. अकाउंट्समध्ये बहात्तर आहेत, म्हणजे मी अभ्यास करत नाही असं नाही. पण लॉ डोक्यात शिरतच नाही. कलमं पाठ करते आणि दोन दिवसांत सगळं साफ. मला वकील व्हायचं नाही, मग हा विषय कॉमर्सवाल्यांच्या माथी कशाला?

बाबा आणि काकांचं रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. बाबा म्हणतात, धंदा जबानीवर चालतो, कलमांवर नाही. सध्या महापेच्या एका पार्टीकडे आमचे दोन लाख पंच्याऐंशी हजार नऊ महिने अडकलेत. त्यांनी मध्यंतरी चेक दिला, पण "मी सांगेन तेव्हा बँकेत टाका" म्हणाले. तो अजून बाबांच्या खणात आहे. आता पार्टी म्हणते, तुमचा माल रिजेक्ट होता. घरात रोज हेच बोलणं, त्यात अभ्यास होत नाही.

शेवटच्या वर्षाला लॉचा ऐच्छिक विषय घेऊ नकोस असं मैत्रिणी म्हणतात. मामा म्हणतो, उलट एलएलबीच कर. मी काय करू?

– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

केटीचं नंतर बघू. आधी उठ आणि खणातल्या त्या चेकवरची तारीख वाच.

चेकवर जी तारीख असते, तिथून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरावा लागतो. २०१२ पर्यंत ही मुदत सहा महिने होती, बाबांच्या डोक्यात कदाचित अजून तीच असेल. मुदत शिल्लक असेल तर चेक उद्याच भरायला सांग. वटला तर प्रश्नच मिटला. नाही वटला तर बँक रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, देईल. तो मेमो जपून ठेवायचा, कारण तिथून ३० दिवसांच्या आत पार्टीला लेखी नोटीस जायला हवी. नोटीस पोचल्यावर त्यांना पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी कोर्टात तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझ्या वहीत "निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१, कलम १३८" असं जे लिहिलेलं असेल, ते हेच. "मी सांगेन तेव्हा टाका" म्हणणाऱ्या माणसाला ही तीन महिन्यांची मुदत बहुतेक वेळा चांगली ठाऊक असते. आपल्यालाही ती ठाऊक असली पाहिजे.

ही तीन महिन्यांची मुदत उलटून गेली असेल तर हा रस्ता बंद झाला. पैसे मात्र बुडालेले नाहीत. मालाच्या पैशांसाठी दिवाणी दावा करायला साधारण तीन वर्षं मिळतात. त्या मुदतीत पार्टीने "तुमचं एवढं देणं आहे" असं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. ३१ मार्चला आपण पार्टीकडून बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे बाकी रकमेच्या लेखी कबुलीवर, सही घेतो, त्याचं मोल इथे कळतं. अकाउंट्सच्या पेपरात ते तू केवळ ऑडिटचा एक कागद म्हणून शिकली असशील.

तू पत्रात कॉलेजची गोष्ट एका परिच्छेदात लिहिलीस आणि घरची दुसऱ्या. मधे एक ओळ मोकळी सोडलीस. मला त्या मोकळ्या ओळीबद्दलच बोलायचं आहे. अशी ओळ मीही एकदा सोडली होती आणि ती महाग पडली.

माझ्या मोठ्या भावाने मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहायचं ठरवलं. पतपेढीचा फॉर्म घरी घेऊन आला. मी तेव्हा नुकतीच बीकॉम झाले होते आणि लॉला वर्गात सगळ्यात जास्त मार्क माझे होते. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम १२८ मला शब्दन् शब्द पाठ होतं: करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. परीक्षेत त्यावर टीप लिहून मी पाचपैकी पाच मिळवले होते. भावाने नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर फॉर्म ठेवला, "नुसती सही आहे गं, फॉर्मॅलिटी" म्हणाला. मी त्याच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. दीड वर्षाने मित्राने हप्ते थांबवले. पतपेढीने मित्राच्या मागे न लागता थेट भावाच्या पगाराला हात घातला, आणि कायद्याने ते बरोबर होतं. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग जामीनदाराकडे या, असं म्हणायची सोय त्या कलमात नाही. भावाचा पगार चार वर्षं कापला जात होता. त्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. पण कलम मला पाठ होतं आणि समोर आलेल्या कागदात ते ओळखू आलं नाही, हे मी आजवर विसरलेले नाही.

पुढे मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीच्या खरेदी विभागात सात वर्षं काढली आणि त्यानंतर कॉलेजात हाच विषय शिकवला. दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना त्या फॉर्मबद्दल सांगायचे. कॉमर्सवाल्यांना हा विषय का, याचं माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. तुम्ही पोरं पुढे दुकानात, बँकेत, कंपनीच्या अकाउंट्समध्ये, वडिलांच्या वर्कशॉपमध्ये बसणार. तिथे कागद तुमच्या टेबलावर सगळ्यात आधी येतो आणि वकिलाकडे सगळ्यात शेवटी जातो, तोवर सही होऊन गेलेली असते.

आता अभ्यास. पाठांतर बंद कर, खरंच बंद कर. गाइडही महिनाभर बाजूला ठेव. मूळ कायद्याचं पुस्तक आण, बेअर ॲक्ट म्हणतात ते. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर ते फुकट वाचायलाही मिळतं. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये बऱ्याच कलमांखाली छोटी उदाहरणं दिलेली आहेत. मुलं ती सोडून देतात, आणि नेमकी तिथेच गोडी आहे. एक गायिका नाटकगृहाच्या मॅनेजरशी ठरवते की दोन महिने आठवड्यातून दोन रात्री गाईन, आणि सहाव्या रात्री मुद्दाम येतच नाही. मॅनेजरला करार मोडता येईल का? हे कलम ३९ खाली आहे. एक माणूस आपल्या कारखान्यात वर्षाला पाचशे मण नीळ निघते अशी थाप मारून कारखाना विकू पाहतो. हे कलम १९. कारखान्याच्या जागी घणसोलीतला गाळा घाल आणि निळीच्या जागी त्याचं महिन्याचं भाडं. एजंट म्हणतो, "चाळीस हजार सहज येतात, मॅडम." घातलंस की बघ, कलम कसं डोक्यात बसतं.

इंग्रजीची भीती तुझी एकटीची नाही. "कन्सिडरेशन" शब्दावर निम्मा वर्ग अडखळायचा, कारण घरी-दारी त्याचा अर्थ "विचार करणे". कायद्यात त्याचा अर्थ मोबदला, प्रतिफल: मी तुला काही देतो, त्याच्या बदल्यात तू मला काय देतेस. भाजीवालीशी रोज तू हेच करतेस. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, तो जवळ ठेव. पुस्तकाच्या समासात पेन्सिलने मराठी शब्द लिहीत जा: प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, शून्य करार, शून्यकरणीय करार. शेवटचे दोन नीट वेगळे करून घे, पेपरात त्यावर हमखास प्रश्न असतो. शून्य करार कायद्याच्या लेखी करारच नसतो. अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, मुलाने केलेला करार तसा. १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, हे पक्कं केलं. शून्यकरणीय करार मात्र जिवंत असतो. ज्याची फसवणूक झाली किंवा ज्याच्यावर जबरदस्ती झाली, त्याने ठरवलं तरच तो मोडतो.

खटले मात्र गोष्टीसारखेच वाच. लालमन शुक्लाचा घे, १९१३ चा, अलाहाबादचा. मालकाचा पुतण्या घरातून निघून जातो. मालक लालमनला, म्हणजे आपल्या नोकराला, शोधायला हरिद्वारकडे धाडतो. तो गेल्यावर मालक पत्रकं काढतो: मुलगा शोधून देणाऱ्यास ५०१ रुपये. लालमनला पत्रकाचा पत्ता नाही, पण तो मुलगा शोधून आणतो. नंतर बक्षिसाचं कळतं, तो दावा लावतो आणि हरतो. जो प्रस्ताव माहीतच नव्हता तो स्वीकारला कसा, असं कोर्टाने विचारलं. शिवाय मुलाला शोधायचं काम त्याने आधीच अंगावर घेतलेलं होतं. वर्गात हे सांगितलं की मुलं चिडायची. "अन्याय आहे हा, मॅडम!" मला ते चिडणं आवडायचं, कारण चिडलेलं पोर तो खटला विसरत नसे. पेपरात उत्तर लिहिताना आधी दोन ओळींत काय घडलं ते लिही, मग कोणता नियम लागतो, मग तो इथे कसा बसतो, आणि शेवटी निकाल. कलमाचा आकडा आठवला तर घाल. आकडा चुकीचा लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा, नियम बरोबर असेल तर मार्क मिळतात.

बाबांचं म्हणणं मला चूक वाटत नाही, आणि तूही त्यांच्याशी वाद घालू नकोस. एमआयडीसीत माणसं एकमेकांच्या शब्दावर लाखालाखाचा माल सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कायदाही शब्दाला मान देतो. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टला बहुतेक व्यवहारांत लेखी कागद लागतच नाही, तोंडी करारही करारच. बाबांना खामगावच्या पेंडीची गोष्ट सांग. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या जिनिंग फॅक्टरीवाल्याशी ट्रंक कॉलवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल आला नाही, म्हणून दावा लागला. खटला अहमदाबादला चालवायचा की खामगावला, यावरून दोघं थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९६५ मध्ये निकाल आला: फोनवरचा "हो" जिथे ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादला. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल या नावाने तो तुझ्या अभ्यासक्रमात असेल. फोनवरच्या एका होकाराला आपल्या कायद्याने एवढं वजन दिलं. अडचण येते ती पुढे, समोरचा "मी असं बोललोच नाही" म्हणतो तेव्हा.

म्हणून आता वर्कशॉपमधली त्या पार्टीची फाइल घरी आण आणि एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाबांच्या शेजारी बसून उघड. पहिला कागद पर्चेस ऑर्डर. ती उलटी कर. मागच्या बाजूला फिकट करड्या अक्षरांत अटी छापलेल्या असतात. मी खरेदी विभागात होते तेव्हा आमच्याही ऑर्डरींवर असायच्या, आणि सात वर्षांत एकाही सप्लायरने मला त्यांच्याबद्दल प्रश्न विचारला नाही. माल नाकारायचा तर किती दिवसांत कळवायचं, पैसे किती दिवसांनी, वाद कुठल्या शहरातल्या कोर्टात, सगळं तिथे असतं. मग मालासोबत जाणाऱ्या चलनाची तुमच्याकडची कॉपी बघ. माल मिळाल्याची सही आहे का? सहीखाली नाव आहे का? गेटवरचा गोल शिक्का, तारीख? की नुसती एक रेघ ओढलेली आहे आणि ती कोणाची हे आता कोणालाच सांगता येणार नाही? हा शिक्का मारून घ्यायला टेम्पोवाल्याला गेटवर पाच मिनिटं जास्त थांबावं लागतं, आणि बहुतेक पैसे त्या पाच मिनिटांत अडकतात.

आता त्यांचं "माल रिजेक्ट" प्रकरण. १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्ये कलम ४२ आहे. माल ठेवून घेतला आणि वाजवी मुदतीत नाकारत असल्याचं कळवलं नाही, किंवा मालकासारखा वापरून टाकला, तर तो स्वीकारला असं धरतात. नऊ महिन्यांत त्यांनी एकदा तरी लेखी कळवलं का, ते शोध. बाबांचा फोन घे आणि व्हॉट्सॲपवर त्या पार्टीशी झालेलं बोलणं पहिल्यापासून वाच. "माल पोचला, धन्यवाद", "पुढच्या आठवड्यात पेमेंट करतो" असं काही सापडलं तर नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नकोस. मूळ मेसेज तसाच फोनमध्ये राहू दे, फोन बदलू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा चालतो, पण त्याला ठरलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करतील.

वर्कशॉपची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का, हेही विचार. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या तारखेला द्यावेच लागतात, आणि ही तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. ऑर्डरच्या मागे ९० दिवस छापलेले असोत, ४५ म्हणजे ४५. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. माल देण्याआधीची नोंदणी असेल तर तुमची बाजू भक्कम, नंतरची असेल तर समोरचा वकील त्यावर बोट ठेवणार. आणि २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून आयकरात एक नियम आलाय, १९६१ च्या आयकर कायद्यात तो कलम ४३बी(एच) म्हणून आला: असे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. पार्टीच्या सीएला हे माहीत असतं. कधी कधी नोटिशीपेक्षा या एका ओळीने चेक लवकर निघतो.

एक गोष्ट मात्र पत्र वाचताना मला टोचली. "बाबा आणि काकांचं वर्कशॉप" असं तू लिहिलंस. भागीदारी आहे ना? फर्म रजिस्टर केलीय का? १९३२ च्या पार्टनरशिप ॲक्टमध्ये नोंदणीची सक्ती नाही, पण कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्या माणसावर दिवाणी दावा लावता येत नाही. दावा दाखल करण्याच्या दिवशी नोंदणी झालेली असावी लागते. नसेल तर वकिलाकडे जाण्याआधी बाबा आणि काकांनी हे काम हातात घ्यावं. भावाभावांत कागद कशाला, असं काका म्हणतील. त्यांना सांग, हा कागद तुमच्या दोघांमधला नाही, महापेच्या पार्टीसाठी आहे.

वकील मात्र गाठायचाच. माझं पत्र घेऊन नोटीस लिहू नका.

राहिला मैत्रिणींचा आणि मामांचा प्रश्न. ऐच्छिक विषय घे. आज नको वाटतोय तो गाइडमुळे, विषयामुळे नाही. एलएलबीचं आत्ता ठरवू नकोस. पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी कुठे पळून जात नाही. सीईटी द्यावी लागते आणि खुल्या प्रवर्गाला पदवीला किमान ४५ टक्के लागतात. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं लॉ कॉलेजही आहे. पण तुझे अकाउंट्सचे बहात्तर मार्क मला जास्त बोलके वाटतात. आकडे आणि कायदा दोन्ही लागतात अशा वाटा आहेत. सीएच्या फाउंडेशनला बिझनेस लॉ असतोच, आणि कंपनी सेक्रेटरीच्या अभ्यासात तर निम्म्याहून जास्त कायदाच. त्यांच्या इन्स्टिट्यूटचं एक केंद्र सीबीडी बेलापूरला आहे, एकदा जाऊन बघून ये. केटी सुटेपर्यंत यांतलं काहीही मनावर घेऊ नकोस.

बेलापूरला जाशील तेव्हा तिथल्या कोर्टातही जा. सुनावणी सहसा कोणालाही मागे बसून ऐकता येते. मोबाइल बंद ठेवायचा, न्यायाधीश आत आले की उठून उभं राहायचं. चेक बाउन्सच्या केसेस जिथे चालतात ती खोली विचारून घे आणि दोन तास बस. तुझ्या बाबांच्या वयाची, तेल लागलेल्या बोटांची माणसं पिशवीतून चलनं काढताना दिसतील. वकील त्यांना विचारत असतील, "यावर शिक्का कुठे आहे?" शुक्रवारी एमआयडीसी बंद असली आणि वर्कशॉपला सुट्टी असली तर बाबांनाही बरोबर ने. परतीच्या गाडीत ते आपणहून काही बोलले तर ऐकून घे, कलमांचं नाव काढू नकोस.

आणि चेकवर कुठली तारीख निघाली, ते मला कळव.